निकाल हरलेल्याने सांगायचा

७ जानेवारी

सन्माननीय संस्थापक सदस्य,

स. न. वि. वि.

आपणांस कळविण्यात येते की, आपल्या बुद्धिबळ पंच मंडळाच्या विशेष सभेत मंडळ विसर्जित करण्याचा ठराव बहुमताने संमत झाला. मंडळाच्या घटनेतील शेवटच्या कलमाप्रमाणे त्याला दोन्ही संस्थापकांची लेखी संमती लागते. एक संस्थापक मी, दुसऱ्या आपण. सोबतच्या कागदावर खाली उजव्या बाजूस सही करून तो परत पाठवावा. आपली संमती नसल्यास ठराव रद्द होईल व मंडळ पूर्ववत चालू राहील, हेही कलमात असल्याने कळवितो.

सही निळ्या शाईने करावी. कागदाची घडी सहीच्या जागेवरून घालू नये.

ठराव कळविण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले आहे.

कळावे,
सचिव

ता. क. आपला पत्ता घरातून मिळाला. माझ्याकडे होता तो जुना निघाला.

२३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. ‘तुझं शेंबडं नाक मी पुसलंय आणि मला सन्माननीय म्हणतोस?’ हे हिने मोठ्याने वाचलं, आणि ती अजून हसते आहे. कार्यालयीन पत्र होतं, म्हणून कार्यालयीन भाषा होती. कार्यालय म्हणजे कंपाउंडरच्या औषधाच्या दुकानामागची खोली आहे म्हणून काय झालं? खोली लहान असली की व्याकरण सोडायचं असतं का?

कागद तू सही न करता परत पाठवलास. वर लिहितेस, ‘कळवायचं काम तुझ्याकडे आलं, म्हणजे विरोधात हात तुझा होता. बहुतेक एकट्याचाच.’

असे अंदाज बांधू नयेत. तू आता महासंघाची पगारी पंच झालीस, तिथे आपली पद्धत कोणी पाळत नसेल, म्हणून पुन्हा लिहून काढतो. एखाद्या डावावर दोन पंचांचं जमलं नाही, तर बाजूला जाऊन बोलायचं. गरज पडली तर तिसऱ्याला विचारायचं. निर्णय एकदा झाला की ज्याचं म्हणणं पडलं, त्यानेच पटापाशी जाऊन तो सांगायचा. ‘पंचांचा निर्णय असा आहे.’ एवढंच वाक्य, आणि चेहऱ्यावर रेघ उमटता कामा नये. कारण खेळाडूंना पंचांमध्ये फट दिसली की ते तिच्यात बोट घालतात, आणि त्यांचे वडील अख्खा हात घालतात. कोण जिंकलं, कोण हरलं, हे खोलीतच राहायचं. ही पद्धत तू सुचवलीस आणि मी लिहिली. श्रेय तुझं तुला.

मग त्याच पद्धतीने माझा हात कुठे होता ते तू विचारू नयेस आणि मी सांगू नये. तू संस्थापक असलीस तरी त्या सभेला नव्हतीस. आमच्या लेखी बाहेरचीच.

ठरावाची कारणं मात्र कळवायला हवीत, ती कळवतो. शाळा आता महासंघाचेच पंच बोलावतात. तुमची ती टॅबलेटवाली पोरं येतात, कोण कोणाशी खेळणार ते यंत्र सांगतं, आणि निकाल आईबापांच्या फोनवर जातो. आपल्याकडे गेल्या वर्षात नवीन माणूस आलेला नाही. एक आला होता, कॉलेजातला. प्रमाणपत्र मिळेल का विचारून गेला. कंपाउंडरचे गुडघे दिवसभर उभं राहू देत नाहीत. टेलरबाई म्हणतात, दिवसभर सुईत दोरा ओवून रविवारी पुन्हा घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून बसवत नाही. पोस्टमास्तर येत नाहीत. ही सगळी कारणं सभेत मांडली गेली आणि मी ती जशीच्या तशी उतरवली आहेत. मला ती पटतात की नाही, हा मुद्दा नाही.

कागद पुन्हा जोडला आहे. मागच्या वेळी घडी तू नेमकी सहीच्या जागेवरून घातली होतीस. मला राग यावा म्हणूनच ना?

धाकटा

११ फेब्रुवारी

ताई,

मला विचारायचं सोडून तू हिला फोन केलास. मी घरी नव्हतो, दुरुस्तीच्या कामावर होतो. दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आतले लोक ओरडत होते. मी बाहेरून सांगत होतो, ओरडून दोर हलत नाही, गप्प बसा. घरी आलो तर इथे तुमचं सगळं बोलून झालेलं. ‘पोस्टमास्तरांचं काय झालं ते तुम्हीच लिहा हो, मी आपलं अर्धंमुर्धं सांगितलं,’ असं म्हणून ही भाजी निवडत बसली. हिचं अर्धंमुर्धं मला माहीत आहे. म्हणून झालं ते नीट लिहितो.

शाळेच्या सभागृहात मुलांची स्पर्धा होती. शेवटची फेरी. खिडकीकडच्या ओळीत एक मुलगी आणि एक मुलगा खेळत होते. मुलीच्या बाहीचा धक्का लागून तिचा उंट पटावरून घरंगळला आणि टेबलाखाली गेला. त्या ओळीवर पोस्टमास्तर होते. त्यांनी वाकून तो उचलला आणि पटावर ठेवला. ठेवला तो शेजारच्या घरात. पंचाने सोंगटीला हात लावायचा नसतो. खेळाडूंना लावू द्यायची आणि आपण बघायचं, हे मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत आलो. पण ते पत्र वाटल्यासारखं जे दिसेल ते ज्याचं त्याला देऊन टाकतात.

मुलं पुढे खेळत राहिली. पांढऱ्या केसांच्या पंचाने ठेवलाय, म्हणजे बरोबरच असणार! थोड्या वेळाने मी त्या ओळीतून गेलो आणि थबकलो. मुलीचे दोन्ही उंट पांढऱ्या घरांत. प्याद्याचा उंट करून घेतल्याशिवाय असं होऊच शकत नाही, एक जन्मभर पांढऱ्यात चालतो आणि एक काळ्यात. तोवर त्या चुकलेल्या उंटाने मुलाचा हत्ती मारलेला होता आणि मुलगी जिंकत आली होती.

मी घड्याळ थांबवलं. पोस्टमास्तरांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, ‘अरे, माझ्याकडून झालं असेल. असू दे की. त्यांचं ते खेळतायत, दोघंही खुशीत आहेत.’ मी म्हटलं, ‘खुशीचा नियम पुस्तकात कुठे आहे?’ ते म्हणाले, ‘बरं, मग मी दोघांच्या कानात सांगतो आणि डाव मागे नेऊ.’ मी म्हटलं, कानात नाही. आजूबाजूच्या पटांवर सगळ्यांनी पाहिलंय, कुजबुज सुरू झालीये, सभागृहात सांगावं लागेल. टेलरबाईंना विचारलं. डाव मागे न्यायचा यावर त्या माझ्या बाजूने. माइकवर सांगायचं की नाही, यावर त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे विरोध नव्हे.

म्हणजे म्हणणं पडलं पोस्टमास्तरांचं. पद्धतीप्रमाणे सांगायचं त्यांनी.

त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, ‘पंचांचा निर्णय असा आहे की…’ मी मध्येच सांगितलं, कारणही सांगा. लोकांना कारण कळलं पाहिजे. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या हातून उंट चुकीच्या घरात ठेवला गेला.’ मागून कोणाचे तरी वडील म्हणाले, ‘आजोबा, चष्मा आणा, चष्मा!’ सभागृह हसलं. मुलगी रडायला लागली. पोस्टमास्तरांनी माइक जागेवर ठेवला, छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि फेरी संपेपर्यंत भिंतीशी उभे राहिले. फेरी संपल्याशिवाय गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

डाव मागे नेला तो बरोबरच होता. नियमात तसंच आहे. तू स्वतः पुस्तक काढून बघ.

त्यानंतर ते आले नाहीत. पुढच्याच सभेत कंपाउंडरने ठराव मांडला.

सही करून पाठव.

धाकटा

४ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चुका शोधायला. एकही सापडली नाही, त्याचा जास्त राग आला.

तू लिहितेस, ‘कोण हरलं ते कळू नये म्हणून आपण ती पद्धत काढली होती. तू तीच वापरून अख्ख्या सभागृहाला दाखवलंस कोण हरलं. नियम तुला तोंडपाठ, रे, पण तो कशासाठी केला ते तू कधी पाठ केलंच नाहीस.’

यावर माझं म्हणणं असं की कारण सांगणं आवश्यक होतं. आणि माइक खराब होता, आवाज घुमत होता, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा कबुलीजबाबासारखं वाटलं. आणि त्या हसणाऱ्या माणसाला मी बाहेर काढायला हवं होतं. ते राहिलं.

महासंघाचं तू पुन्हा उकरून काढलंस. काढायला नको होतं, पण काढलंच आहेस तर ऐक. आपण महासंघात जावं, परीक्षा द्यावी, पगारी व्हावं, असं तुझं म्हणणं होतं. मी म्हटलं, नियमांचं पुस्तक मी जिन्यात बसून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय, एका एका कलमाला एक एक जेवणाची सुट्टी गेली. आता कोण मला पेपर देणार आणि कोण तपासणार? सभेने माझं ऐकलं. मग सगळ्या शाळांना तू जाऊन सांगितलंस, ‘मंडळाचा निर्णय आहे की आम्ही स्वतंत्र राहणार.’ चेहऱ्यावर रेघ नाही. लोकांना वाटलं हा तुझाच हट्ट. मुख्याध्यापकांनी तुला हेकट म्हटलं ते मी दारात उभा राहून ऐकलं आणि काही बोललो नाही. पद्धतच तशी होती. त्यानंतर तू गाव बदललंस आणि तीच परीक्षा देऊन पहिल्या प्रयत्नात पास झालीस. मला हे हिच्याकडून कळलं. पेढे नकोत, पण पोस्टकार्ड?

असो.

आता तुझी अट. ‘एक ओळ लिही, मला मंडळ हवंय म्हणून. मी संमती देणार नाही, ठराव पडेल. पण आधी पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन ये.’

अशी ओळ मी लिहिणार नाही. सभेचा निर्णय कळवायला मला नेमलंय, पाडायला नाही. बाकी पत्रात जे आहे ते फक्त नोंद म्हणून वाच. सगळी घड्याळं मी गेल्या महिन्यात उघडून पुसली. वर्षाच्या बॅटऱ्या आणून ठेवल्या आहेत. ज्या घोड्याचा कान तुटला होता, त्याला चिकटवून कानस मारली, आता जोड दिसत नाही. रविवारी सकाळी मी सवयीने लवकर उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि मग ही विचारते, ‘कुठे?’ तेव्हा मी कंपाउंडरच्या खोलीवर जाऊन पट मांडून ठेवतो. सगळे राजे आपापल्या घरात आले की दिव्याचं बटण बंद करून परत येतो. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या इमारतींत वर-खाली करतो. कोणी मला नावाने हाक मारत नाही, ‘लिफ्टवाला आला’ म्हणतात. रविवारी सभागृहात नुसता उभा राहिलो तरी पोरं हळू बोलायची.

यातून तुला हवा तो अर्थ काढायला तू मोकळी आहेस. ओळ मी लिहिलेली नाही.

पोस्टमास्तरांकडे जाण्याचं म्हणशील, तर त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. तरी बघतो.

धाकटा

२६ मार्च

ताई,

जाऊन आलो.

सुनेने दार उघडलं. मला बघून ‘आत आहेत’ म्हणाली आणि बाजूला झाली. बसा म्हणाली नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता. पोस्टमास्तर पलंगावर मांडी घालून बसलेले, समोर खुर्चीत खालच्या मजल्यावरचा न्हावी, मध्ये स्टुलावर पट. पटावर, म्हणजे खरोखर पटावर, कोपऱ्यातल्या घरात चहाचा कप. तो हत्तीच्या जागी धरला होता, हत्ती हरवलाय म्हणे.

पोस्टमास्तर मला म्हणाले, ‘बस. पण तोंड उघडायचं नाही.’

मी बसलो. ताई, तू बघायला हवं होतंस. न्हावी चाल करायचा, हात काढायचा, पुन्हा सोंगटी उचलून मागे न्यायचा. पोस्टमास्तर म्हणायचे, ‘चोरा, ठेव खाली!’ आणि पुढच्या चालीला स्वतः तेच करायचे. वजिराला धमक्या, घोड्याला शिव्या. एकदा न्हाव्याचा राजा सरळ माऱ्यात उभा होता आणि दोघांच्याही लक्षात नव्हतं. तो तसाच राहिला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. मग कपातला चहा न्हाव्याने पिऊन टाकला आणि पोस्टमास्तर ओरडले, ‘अरे, माझा हत्ती प्यायलास!’

एवढं हसताना मी त्यांना मंडळात कधी पाहिलं नव्हतं.

न्हावी गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेला. मग ते मला म्हणाले, ‘माफी मागायला आलास?’

मी म्हटलं, ‘विचारपूस करायला.’

‘मग कर विचारपूस.’

‘तब्येत कशी आहे?’

‘तब्येत उत्तम आहे. झाली विचारपूस. आता माफी माग.’

मागितली. कशी ते लिहीत नाही. फार चांगली जमली नाही, मध्येच मी नियमाचा आकडा सांगायला लागलो आणि त्यांनी हात वर केला.

मग मी विचारलं, ‘मंडळ चालू राहिलं तर याल का?’

‘नाही.’

‘माझ्यामुळे?’

‘छे, छे, तुझ्यामुळे कशाला.’ मग म्हणाले, ‘हो, तुझ्यामुळेच. पण तू उद्यापासून अगदी गाय झालास ना, तरी नाही येणार. मला हा खेळ आवडायचा रे. इतकी वर्षं दर रविवारी लोकांना खेळताना बघितलं, आणि मी एक डाव खेळलो नाही. तू म्हणालास पंचाने खेळू नये, तर नाही खेळलो.’

मी म्हटलं, ‘कंपाउंडर आणि टेलरबाईंना तरी…’

‘त्यांनी तुला कधी नाही म्हटलंय का? तुझ्या तोंडावर? आयुष्यात एकदा धीर करून हात वर केला त्यांनी. आणि आता म्हणे ताईकडे कागद अडकलाय.’ हे त्यांना कसं कळलं देव जाणे. बहुतेक हीच. ‘ती तुझी बहीण आहे, तुझ्यासाठी नाही म्हणेल. मग टेलरबाई पुन्हा रविवारी डोळे चोळत उभ्या राहतील आणि कंपाउंडर गुडघ्याला तेल लावून. तुला नाही म्हणणार नाहीत. सोड ना रे आता आम्हाला.’

‘आम्हाला’ म्हणाले. मंडळाला नाही.

सून चहा घेऊन आली. माझ्यासाठीही होता. पिऊन निघालो. जिना उतरताना कठड्याला धरून थोडा वेळ थांबलो. कठडा हलतो तिथे, खालचा बोल्ट गेलाय. रविवारी येऊन बसवून देईन, असं वर ओरडून सांगितलं. ‘बघू!’ असा आवाज आला.

तर ताई, कागद जोडला आहे. विरोधात हात माझा होता, आणि तुझा अंदाज बरोबर, एकट्याचाच. टेलरबाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला होता. कंपाउंडर तर डोळे मिटून बसला होता. मला तेव्हा वाटलं ते मला फसवतायत. ते घाबरले होते, ताई. ठराव करायला नाही. मला.

सही कर. हे सचिव म्हणून कळवत नाही. माझंच म्हणणं आहे.

घडी कुठूनही घाल.

धाकटा

१९ एप्रिल

ताई,

कागद मिळाला. सही पोचली. सोबत तुझं वेगळं पत्र नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

शेवटची सभा काल झाली. पट आणि सोंगट्या वाचनालयाला गेल्या, त्यांच्याकडे दुपारी म्हातारे येऊन बसतात. घड्याळं कोणालाच नको होती, घड्याळ लावून खेळायचं त्यांना वय नाही म्हणे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत दिली, मुलं उघडून बघतील. बॅटऱ्या मी काढून घेतल्या. पोस्टमास्तर आले नाहीत. जिन्याचा बोल्ट बसवायला गेलो होतो तेव्हा विचारलं होतं. ‘रविवारी न्हावी येतो,’ म्हणाले.

टेलरबाईंनी नवी साडी नेसली होती. कंपाउंडरने खोलीतल्या औषधांच्या रिकाम्या पेट्या हलवून खुर्च्यांना जागा केली. ठराव पुन्हा मांडला, कारण संमती आल्यावर मांडावा लागतो. सगळ्यांचे हात वर झाले. मी माझा सर्वांत आधी केला, त्यांना बघायला लागू नये म्हणून. तरी दोघांनी बघितलं.

कंपाउंडर म्हणाला, ‘मग सांगा आता.’

सवयीने सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, ‘पण मी हरलेलो नाही.’

टेलरबाई म्हणाल्या, ‘मीही नाही.’

कंपाउंडर म्हणाला, ‘म्हणजे मग कोणी सांगायचं?’

ताई, आपल्या पद्धतीत याची सोयच नाही. सगळ्यांचं एकमत झालं तर निकाल कोणी सांगायचा, हे तू सुचवलं नव्हतंस आणि मी लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत वेळच आली नाही, दर वेळी कोणी ना कोणी हरायचंच. मी कलम आठवून पाहिलं. नव्हतं. आम्ही बसून राहिलो. टेलरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. एकदा कंपाउंडरने घसा साफ केला, मला वाटलं आता सांगतोय, पण तो नुसताच खोकला. पुढच्या दुकानात कोणीतरी गोळ्या मागायला आलं, तो उठून गेला. तो परत येईपर्यंत टेलरबाईंनी पिशवी उचलली होती. ‘येते हं,’ म्हणाल्या. दारात वळल्या. वाटलं काहीतरी बोलतील. ‘तुमच्या शर्टाची काखेतली शिवण उसवलीये, दुकानात आणून टाका,’ म्हणाल्या आणि गेल्या.

कंपाउंडरने खुर्च्या एकात एक घातल्या आणि पेट्या पुन्हा जागेवर लावल्या. मीही हात लावला. मग दोघं बाहेर आलो, त्याने शटर ओढलं, आणि तो एका बाजूला आणि मी एका बाजूला गेलो. कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही.

घरी ही विचारत होती, काय झालं. मी म्हटलं, बघू.

तू संस्थापक आहेस, तुला कळवणं भाग आहे. म्हणून कोणाच्याही वतीने नाही, पद्धतीप्रमाणेही नाही, मीच सांगतो. आता आपल्यात कार्यालयीन काही उरलेलं नाही, तेव्हा उत्तर द्यायचं बंधन तुझ्यावर नाही. दिलंस तर वाचीन.

मंडळ बंद झालं, ताई.

धाकटा